यादृच्छिक गट रचना

जमिनीच्या कसातील फरकामुळे पीक-प्रयोगाचे निष्कर्ष बिघडू नयेत म्हणून योजलेली सांख्यिकीय मांडणी. कृषी विद्यापीठांत ती ‘आरबीडी’ (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन) या आद्याक्षरांनीच ओळखली जाते. क्षेत्राचे गट पाडतात, प्रत्येक गटात सर्व उपचार (तुलनेसाठी घेतलेले वाण, खते इ.) एकेकदा येतात आणि त्यांच्या जागा चिठ्ठ्यांनी ठरतात.

या रचनेचे श्रेय सामान्यतः संख्याशास्त्रज्ञ रॉनल्ड फिशर यांना देतात. ते १९१९ मध्ये इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात रुजू झाले. १९२५-२६ च्या सुमाराच्या लेखनात रचनेची तत्त्वे स्पष्ट दिसतात. मात्र घटक जुने आहेत. एकाच गव्हाच्या शेताचे ५०० तुकडे वेगळे कापून उत्पादनातील चढउतार मर्सर व हॉल यांनी १९११ मध्येच मोजले होते. दैवयोगाने क्रम ठरवण्याची रीत अमेरिकेत पर्स व जॅस्ट्रो यांनी १८८० च्या दशकात मानसशास्त्रीय प्रयोगात वापरली होती. ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणारे विल्यम गॉसेट (मृत्यू १९३७) अखेरपर्यंत चिठ्ठ्यांऐवजी समतोल, योजनाबद्ध मांडणीच्या बाजूने होते. तिच्यात प्रत्यक्ष त्रुटी (उपचारांमुळे नसलेला, इतर कारणांनी पडणारा फरक) कमी राहते, असे त्यांचे म्हणणे. ते पुष्कळदा खरेही ठरते. परंतु अशा मांडणीतून त्रुटीचा विश्वासार्ह अंदाज मिळत नाही, हा फिशर यांचा आक्षेप अधिक मूलगामी वाटतो.

शेत उताराचे असेल तर गट उताराला आडवा, समपातळीत घ्यावा. तो उताराच्या दिशेने लांबवला, तर वरचा कोरडा आणि खालचा पाणथळ वाफा एकाच गटात येतो व तो फरक त्रुटीत मिसळतो. चिठ्ठ्या प्रत्येक गटासाठी नव्याने टाकाव्यात. पहिल्या गटाचाच क्रम पुढे उतरवणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. कडेच्या ओळी उत्पादनात धरू नयेत.

६ उपचार व ४ आवृत्त्या (प्रत्येक उपचार ४ वेळा, म्हणजे ४ गट) असल्यास वाफे २४. एकूण २३ स्वातंत्र्यमात्रांपैकी (स्वतंत्रपणे बदलू शकणाऱ्या फरकांची संख्या; वाफ्यांपेक्षा एक कमी) गटांच्या ३, उपचारांच्या ५ वजा जाता त्रुटीसाठी १५ उरतात. १२ पेक्षा कमी उरू नयेत, असा संकेत आहे. त्रुटीचे माध्य वर्ग (त्रुटीच्या वर्गांची बेरीज भागिले तिच्या स्वातंत्र्यमात्रा) ४ (उत्पादन हेक्टरी क्विंटलमध्ये मोजल्यास) आले, तर ५ टक्के पातळीवर क्रांतिक फरक २.१३१ × √(२ × ४ ÷ ४), म्हणजे सुमारे ३ क्विंटल; २.१३१ ही १५ स्वातंत्र्यमात्रांसाठी टी-सारणीतील किंमत. दोन सरासऱ्यांत याहून कमी अंतर असेल, तर एक वाण सरस म्हणता येत नाही.

एखादा वाफा जनावरांनी खाल्ला, तर संख्याशास्त्रज्ञ येट्स यांच्या १९३३ च्या सूत्राने त्याच्या उत्पादनाची अंदाजी किंमत काढतात. त्रुटीची एक स्वातंत्र्यमात्रा मात्र कमी करावी लागते.

एका वाफ्यातील २० झाडे मोजली म्हणून २० आवृत्त्या होत नाहीत. उपचार वाफ्याला दिलेला असतो, झाडाला नव्हे. त्या २० मापांची सरासरी हे एकच निरीक्षण. ही गफलत परिसरविज्ञानात किती पसरली आहे, याकडे परिसरवैज्ञानिक हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये लक्ष वेधले.