खानदेशातील उन्हाळी वाऱ्याचा अंदाज

मार्च ते जून या काळात तापी खोऱ्यात वारा कोणत्या वेळी, कोणत्या दिशेने व किती जोराने वाहील याचे पूर्वानुमान. किनाऱ्यावर विंडसर्फिंग करणारे ज्या वाऱ्याची वाट पाहतात, तो दुपारी समुद्रावरून येणारा वारा आत येता येता ओसरतो. खानदेशातील वाऱ्याचे कारण निराळे आहे. एप्रिलपासून वायव्य भारत तापून तेथे कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि पश्चिमेकडून हवा ओढली जाते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा आणि मधून पश्चिमवाहिनी तापी, अशी खोऱ्याची ठेवण असल्याने या हवेला सरळ वाट मिळते. त्यामुळे मे महिन्यात दिशा सांगणे फारसे अवघड नसते. वेगाचे मात्र तसे नाही.

सकाळी हवा पडलेली असते. ऊन चढले की जमिनीलगतची हवा वर उसळते, वरचा वेगवान वारा खाली उतरतो आणि दुपारी धूळ उडू लागते. सूर्यास्तानंतर जमिनीजवळचा वारा मंदावतो, पण उंचावर तो पुन्हा जोर धरू शकतो. साक्री तालुक्यात अंगणात खाट टाकून पडलेल्याला पान हललेले दिसत नाही, तेव्हाही ब्राह्मणवेल पठारावरच्या पवनचक्क्या फिरत असतात. म्हणून नेहमीच्या हवामान अंदाजातला १० मीटर उंचीवरचा वेग पवनचक्क्यांना पुरत नाही. वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग १० टक्क्यांनी वाढला तर ऊर्जा सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते.

खरी पंचाईत वळवाची. गडगडाटी ढगातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आदळून चहूकडे पसरते आणि रावेर-यावल भागातील घड लागलेल्या केळीबागा काही मिनिटांत आडव्या होतात. असे ढग तयार होण्याची शक्यता आदल्या दिवशी वर्तवता येते, पण नेमके गाव सांगता येत नाही. भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आसपास वीज पडण्याचा इशारा देते. वीज आणि हा झोत एकाच ढगातून येत असल्याने वाऱ्यासाठीही तोच वेळेवरचा इशारा समजायला हरकत नाही. हवामानावर आधारित फळपीक विम्यात महसूल मंडळातील हवामान केंद्रावर नोंदलेला वेग धरला जातो. झोताचा पट्टा अरुंद असला तर बाग झोपते आणि केंद्रावर नोंदच होत नाही. हा या पद्धतीतला ढळढळीत दोष आहे.

वारा अडवायला बागेच्या पश्चिमेला शेवरी किंवा गजराज गवत लावण्याची पद्धत उष्ण वाऱ्यापुरती चांगली आहे. वळवाचा झोत ढग असेल त्या बाजूने येतो, त्यामुळे उरलेल्या कडाही झाकाव्या लागतात.