रणगाडे उतरवणारी जहाजं अल्पायुषी? साफ चूक!

दुसऱ्या महायुद्धातली रणगाडे उतरवणारी ‘एलएसटी’ जहाजं संथ, अवजड, म्हणून बहुतेक बुडालीच, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. संथ होती हे खरं, वेग जेमतेम १२ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटर. पण अमेरिकेने बांधलेल्या १,०५१ पैकी शत्रूच्या हल्ल्यात गेली फक्त २६.

एलएसटी-३२५ चंच बघा. सपाट तळ वाळूत टेकवायचा, पुढचे दोन दरवाजे उघडायचे, की रणगाडे थेट किनाऱ्यावर. सिसिली आणि नॉर्मंडीत तिने हेच केलं. डिसेंबर १९४४ मध्ये टॉर्पेडो लागलेल्या ‘एम्पायर जॅव्हलिन’ या सैनिकवाहू जहाजावरच्या सुमारे ७०० जणांना वाचवायला तिने मदत केली; हे तर आवर्जून सांगायला हवं! पुढे १९६४ ते १९९९ ग्रीक नौदलात. २००१ मध्ये वयोवृद्ध माजी नौसैनिकांनी तिला स्वतः हाकत अटलांटिकपार अमेरिकेत नेलं.