अभ्यासचित्र आणि कच्चे चित्र: दोन्हींना ‘रफ’ म्हणू नये

जागेवर बसून निसर्गचित्र रंगवणे म्हणजे काय, हे चित्र काढणाऱ्यांना समजावून सांगायला नको. नाशिकच्या किंवा वाईच्या घाटावर तासाभरात ऊन आणि सावल्या पकडण्याचा सराव बहुतेकांनी केलेला असतो. घोटाळा त्यानंतर होतो. असे जागेवर केलेले अभ्यासचित्र आणि मोठ्या चित्राच्या तयारीसाठी केलेले कच्चे चित्र, या दोन्हींना सरसकट ‘रफ’ म्हटले जाते, आणि अभ्यासचित्र मोठ्या कॅनव्हासवर उतरवले की काम संपले, अशी समजूत रूढ होते. ही समजूत मला घातक वाटते.

आकार, माध्यम, हाताचा वेग यांतले फरक किरकोळ आहेत. खरा फरक आहे तो चूक कशाशी ताडून पाहायची यात. अभ्यासचित्र जागेला बांधील असते: त्या वेळी, त्या उजेडात ढग तसा होता की नाही, एवढेच तिथे विचारायचे. कच्चे चित्र चौकटीला बांधील असते: नजर कुठून शिरते, कुठे थांबते, कोणता कोपरा ओस पडतो, हे तिथे पाहायचे आणि त्यासाठी झाड खुशाल सरकवायचे. वीतभर अभ्यासचित्रात दोन फटकाऱ्यांत उरकलेले पाणी सहा फुटी कॅनव्हासवर हातभर रिकामी जागा होऊन बसते. ती कशी भरायची, याचे उत्तर अभ्यासचित्रात नसतेच, कारण तो प्रश्न त्याला कधी विचारलेलाच नसतो.

इंग्रज निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलने हे दोन्ही प्रकार कटाक्षाने वेगळे ठेवले. लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला १८२१-२२ मध्ये केलेल्या ढगांच्या अनेक अभ्यासचित्रांच्या पाठीवर त्याने तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. याउलट नदीच्या पाण्यातली गवताची गाडी दाखवणाऱ्या, १८२१ च्या ‘द हे वेन’ या चित्रासाठी त्याने लंडनमध्ये जवळपास अंतिम चित्राएवढेच, म्हणजे सुमारे १३७ गुणिले १८८ सेंटिमीटरचे, कच्चे चित्र तैलरंगात केले. त्यात पुढच्या काठावर कुत्र्याजवळ एक घोडेस्वार आहे. अंतिम चित्रात तो नाही, कुत्रा मात्र आहे. चित्रात दिसणाऱ्या फ्लॅटफर्डच्या नदीकाठी घोडा खरोखर उभा होता का, हा प्रश्नच इथे गैरलागू आहे.

हे कच्चे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यातले मोकळे फटकारे पाहून ‘हेच खरे चित्र, नॅशनल गॅलरीतले अंतिम चित्र नुसते घोटलेले’ असे म्हणणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही, कारण पाण्यावरचा उजेड आणि मागच्या कुरणाची खोली अंतिम चित्रातच उलगडते.

शिवाय आधी अभ्यास आणि मग रचना, असा क्रमही ठरलेला नसतो. चित्राचे काम चालू असतानाच, फेब्रुवारी १८२१ मध्ये, कॉन्स्टेबलला गाडीचा नेमका तपशील हवा होता. त्यासाठी जॉन डनथॉर्न या गावाकडच्या तरुणाने सफोकच्या कडाक्याच्या थंडीत खरी गाडी पाहून केलेले रेखाटन त्याच्याकडे पाठवण्यात आले.