मुंबई परदेश होती तेव्हापासून

गोव्यात एखाद्या घरी चौकशी केली आणि ‘मुलगा भायर आहे’ असे उत्तर आले, तर भायर म्हणजे पुणे, कुवेत की इंग्लंड हे पुढे विचारावे लागते. एकच शब्द तिन्हींना चालतो, आणि त्यामागे इतिहास आहे. 19 डिसेंबर 1961 पर्यंत गोंयकाराचा सर्वांत जवळचा परदेश मुंबई होता. मडगावहून रेल्वेने निघालेल्या माणसाचे सामान कुळे स्थानकावर पोर्तुगीज जकातवाले उघडत आणि घाट चढून कॅसलरॉकला पोचल्यावर ब्रिटिश जकातवाले पुन्हा उघडत. गिरगावात नोकरी करणारा भाऊ कायद्याने परक्या राज्यात राहत असे. परदेशातल्या माणसाशी नाते कसे टिकवायचे, त्याच्या वाट्याचे काय करायचे आणि सहीवाचून अडलेले काम कसे पुढे न्यायचे, हे गोव्यातली कुटुंबे विमाने येण्याच्या खूप आधी शिकली ती अशी.

ही रेल्वे 1878 च्या ब्रिटिश-पोर्तुगीज कराराची. त्याच कराराने गोव्यातल्या मिठाचा व्यवहार ब्रिटिशांच्या हाती गेला आणि मिठागरांवर पोट असलेल्या गावांचे कंबरडे मोडले. 1892 मध्ये करार संपला, पण तोवर माणसे मुंबईची वाट धरून चुकली होती. बार्देस आणि साष्टी या गोव्याच्या तालुक्यांतल्या ख्रिस्ती तरुणांनी धोबीतलाव, माझगाव भागांत गावागावांच्या कूड उभ्या केल्या. कूड म्हणजे खोली. प्रत्यक्षात ती गावाची खानावळविरहित धर्मशाळा असे: महिन्याला किरकोळ वर्गणी, भिंतीला लागून प्रत्येकाची पेटी, एका कोपऱ्यात अल्तार आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायचे तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. बोटीवर नोकरी लागेपर्यंत माणूस तिथे राही आणि बोटीवरून उतरला की पुन्हा तिथेच येई. पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या जहाजांवर स्वयंपाकी आणि कारभारी म्हणून गोव्याचे तारवटी, म्हणजे बोटीवरचे नोकरदार, भरलेले असत. गोमांस आणि डुकराचे मांस शिजवायला त्यांची ना नव्हती आणि पाश्चात्त्य जेवणाची रीत त्यांना घरचीच होती, ही त्यामागची साधी कारणे.

हिंदू कुटुंबांची वाट निराळी. जुन्या काबिजादीतून, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलखातून, देव उचलून अंत्रुजात (आजच्या फोंड्यात) नेणाऱ्या या समाजाला स्थलांतर नवे नव्हते. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली आणि कुळावी, म्हणजे या देवांना मानणारी घराणी, मात्र कारवारपासून कोचीपर्यंत पांगली. एकोणिसाव्या-विसाव्या शतकात हीच घरे मुंबईत दुकानदारी, सोनारकाम, कारकुनी आणि संगीत घेऊन गेली. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई यांची नावेच त्यांचा गाव सांगतात. 1919 मध्ये मुंबईत गोवा हिंदू असोसिएशन स्थापन झाली. गावी पत्र जाई ते मराठीत. शिक्षण पोर्तुगीजमध्ये झालेला भाऊसुद्धा आईला मराठीतच लिही.

या व्यवस्थेचा ताण 1954-55 नंतर उघडा पडला. भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, रेल्वे बंद पडली आणि मुंबईहून गोव्याला पैसे पाठवण्यावर निर्बंध आले. मुंबईच्या पगारावर चालणाऱ्या घरांना अचानक शेत, माड आणि उधारी एवढ्यावर दिवस काढावे लागले. घरी असलेल्या बायकांनी तेव्हा जो कारभार हाती घेतला, त्याच्या नोंदी कुठल्या दप्तरात नाहीत.

1961 नंतरच्या दोन घटना आजच्या प्रवासी कुटुंबाला समजून घ्यायला पुरतात. पहिली, 1962 चा नागरिकत्व आदेश: गोव्यात जन्मलेले लोक 20 डिसेंबर 1961 पासून भारतीय नागरिक मानले गेले, ज्याला मूळ नागरिकत्व ठेवायचे होते त्याने एका महिन्यात तसे लिहून द्यायचे होते. दुसरी, 31 डिसेंबर 1974 चा भारत-पोर्तुगाल करार. पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, पण त्यांच्या राज्यात जन्मलेल्यांचा पोर्तुगीज नागरिकत्वावरचा हक्क त्यांच्या कायद्यात जिवंत राहिला, आणि त्यांच्यामार्फत मुला-नातवंडांचाही. त्या वेळी त्याची किंमत कोणाच्या ध्यानात आली नाही. तेव्हा सगळ्यांचे डोळे आखाताकडे होते: दोन वर्षांचा करार, एक सुट्टी, घराला नवा स्लॅब. 2 ऑगस्ट 1990 ला इराकने कुवेत घेतले आणि अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय परत आणले, त्यांत गोव्याची कितीतरी घरे होती. पोर्तुगाल 1 जानेवारी 1986 ला युरोपीय समुदायात गेला होता. लिस्बनचा पासपोर्ट म्हणजे लंडनचा परवाना, हे गणित मग गावोगाव पोचले. साउथॉल आणि स्विंडन ही नावे साष्टीतल्या वाड्यांइतकी ओळखीची झाली.

आता कागदांकडे वळू, कारण प्रवासी गोंयकाराचे घराशी असलेले नाते अर्धे भावनेचे आणि अर्धे नोंदवहीचे आहे. 1910 मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि त्यानंतर जन्म, लग्न, मृत्यूची नागरी नोंदणी सर्व धर्मीयांना लागू झाली. त्या वहीतल्या आजोबांच्या जन्माच्या पानावर आज नातवाचे युरोप अवलंबून असते. पान मिळवायचे ते संक्षिप्त दाखला म्हणून नव्हे, तर ‘तेओर’ स्वरूपात, म्हणजे नोंदीचा शब्दन् शब्द मजकूर. मग त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा सरकारी शिक्का. क्रम चुकला की सगळे अडते: आधी 1961 पूर्वी जन्मलेल्या व्यक्तीची नोंद लिस्बनला, नंतर तिच्या लग्नाची, नंतर मुलाच्या जन्माची. मधली पिढी वगळून नातवाचा अर्ज सहसा पुढे सरकत नाही.

अडण्याचे नेहमीचे ठिकाण म्हणजे नाव. पोर्तुगीज कारकून ‘श’ साठी एक्स आणि ‘क’ साठी सी लिही. त्यामुळे वहीतला शिरोडकर एक्सने सुरू होतो आणि शाळेच्या दाखल्यावरचा एसने. नाईक, कामत, प्रभू, शेणवी यांची जुनी रूपे तर नात्यातल्या माणसालाही चटकन ओळखू येत नाहीत. बायकांचे कोडे आणखी वेगळे. हिंदू घरांत लग्नात मुलीचे नाव बदलले जाई; नोंदवहीत माहेरचे नाव, रेशनकार्डावर सासरचे, आणि दोन्ही एकाच बाईची हे सिद्ध करायला वेगळा दाखला. नाव कायमचे सरळ करायचे असेल तर 1990 चा नाव-आडनाव बदल कायदा आहे. पण परदेशातल्या पासपोर्टवर नाव चढून गेल्यावर गोव्यात ते बदलले, तर एक विसंगती मिटून दुसरी उभी राहते. बदल आधी करावा, अर्ज नंतर.

लग्नाची गोष्टही तशीच. गोव्यात नागरी नोंदणी दोन सह्यांची असते. पहिली सही म्हणजे लग्न करण्याच्या इराद्याचे निवेदन. त्यानंतर नोटीस लागते, हरकतीची मुदत जाते आणि मग दुसरी सही. सुट्टीवर आलेला मुलगा पहिली सही करून, मंगलाष्टके उरकून विमानात बसतो आणि दुसरी राहून जाते. घरच्यांच्या लेखी लग्न झालेले असते, वहीच्या लेखी झालेलेच नसते, आणि बायकोच्या व्हिसाचा अर्ज भरताना हे कळते. सुट्टी आखताना आधी नोटिशीचे दिवस मोजावेत, मग हॉलची तारीख धरावी.

दुसऱ्या सहीबरोबर आणखी एक गोष्ट घडते, ती अनेकांच्या ध्यानात येत नाही. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एक होते आणि प्रत्येकाचा अर्धा वाटा ठरतो. हा 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा. 1870 पासून तो गोव्यात लागू आहे. याचा रोजचा अर्थ असा की, वडिलोपार्जित जमिनीचा तुकडा विकताना अबुधाबीतल्या भावाची सही पुरत नाही, वहिनीचीही लागते, मग ती कधी गोव्याला आलेली नसली तरी. मुलगा-मुलगी समान वारस; मृत्युपत्राने फक्त अर्ध्याच भागाची इच्छेप्रमाणे वाटणी करता येते. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, गोंयकाराच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेलाही हाच वारसा कायदा लागतो. म्हणजे आजोबांच्या दादरच्या खोलीचा हिशेबही इथलाच.

वाटणीची प्रक्रिया म्हणजे इन्व्हेंटरी. आता ती 22 डिसेंबर 2016 पासून अमलात आलेल्या वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायद्याने चालते. कुटुंबप्रमुख शपथेवर वारसांची आणि मालमत्तेची यादी देतो, प्रत्येक वारसाला नोटीस जाते, आणि वाटून घेता न येणाऱ्या वस्तूसाठी वारसांमध्येच बोली लागते. नोटीस न पोचलेला एक जण लिस्बनच्या जुन्या पत्त्यावर सापडत नसेल, तर तारखांवर तारखा. परदेशात वारलेल्याचा मृत्यूचा दाखला अपोस्टिल नसेल, किंवा पोर्तुगीज दाखल्याचे भाषांतर जोडलेले नसेल, तर फाईल तिथेच थांबते. सहा भावंडांपैकी चार बाहेर असली की वर्षे निघून जातात. बोलीत घर घेणारा भाऊ बहुतेकदा गावी राहिलेला असतो आणि इतरांना द्यायला त्याच्याकडे रोख नसते. भांडणे पैशापेक्षा याच क्षणाला होतात.

मधला मार्ग म्हणजे मुखत्यारपत्र. गावात त्याला नुसते ‘पॉवर’ म्हणतात. पोर्तुगाल किंवा ब्रिटनमध्ये ते नोटरीसमोर करून अपोस्टिल करता येते. कुवेतमध्ये अपोस्टिलची सोय नसल्यामुळे भारतीय दूतावासात जावे लागते. भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लागला पाहिजे. सही केलेली पॉवर दिवाळीत आली आणि कपाटात राहिली, तर होळीनंतर तिच्या नावाने धावपळ. मजकुरात सर्व्हे क्रमांक, गाव आणि विकण्याचा अधिकार स्पष्ट लिहावा. ‘सर्व व्यवहार पाहण्यासाठी’ एवढ्यावर सबरजिस्ट्रार खरेदीखत घेत नाही. नवरा-बायको दोघांची पॉवर हवी. आणि देणारा वारला की पॉवरही संपली. चुलत्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पॉवरवर केलेली विक्री हा गोव्यातल्या कोर्टांना ओळखीचा विषय आहे.

बंद घराचे प्रश्न याहून वेगळे आणि जास्त हट्टी. चिऱ्याचे घर आणि वर नळे असतील, तर दरवर्षी जूनआधी नळे परतावे लागतात; एक नळा सरकला तरी वाशाला पाणी लागते, मग वाळवी, आणि तिसऱ्या पावसात तो भाग खाली येतो. वीज तोडून ठेवणे स्वस्त वाटते, पण परत जोडताना मालकाच्या नावाचा प्रश्न निघतो आणि मीटर आजोबांच्या नावावर असतो. घरपट्टी दरवर्षी भरून पावती जपावी. एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीची सरकारी नोंद, वर्षातून एकदा काढून पाहावा, कारण न पाहणाऱ्यांचीच जमीन हातची जाते. लिस्बनला गेलेल्यांच्या मालमत्तेचा प्रश्न इतका जुना आहे की, 1964 मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करून ती सरकारी कस्टोडियनकडे सोपवावी लागली. अलीकडची तऱ्हा आणखी धीट: गैरहजर मालकांच्या जमिनी बनावट पोर्तुगीजकालीन कागदांवर दुसऱ्यांच्या नावावर चढल्या. तक्रारी इतक्या आल्या की 2022 मध्ये राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले.

नागरिकत्व बदलले की घराचे हक्क जात नाहीत, पण आकुंचन पावतात. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. पोर्तुगीज झालेल्याला भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयाचे कार्ड, काढावे लागते. ओसीआयधारकाला शेतजमीन वारशाने मिळते, विकत घेता येत नाही. म्हणून भावाचा वाटा स्वतः विकत घेऊन कुळागर (माड-सुपारीची बागायत) एकसंध ठेवू, ही परदेशातल्या मुलाची कल्पना कायद्याला अडते. हे काम गावी राहिलेल्याच्या नावानेच करावे लागते. 2020 संपले आणि ब्रिटनचा दरवाजाही अरुंद झाला. 31 डिसेंबर 2020 पूर्वी जे तिथे राहत होते त्यांचे हक्क टिकले. नंतर लग्न केलेल्यांच्या जोडीदारांना सामान्य व्हिसाच्या रांगेत उभे राहावे लागते.

देवस्थानांनी मात्र या माणसांना कधी बाहेर काढले नाही. 1933 च्या देवस्थान नियमावलीप्रमाणे महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या हक्कदार सदस्यांची, यादी असते. त्यात नाव असलेला माणूस कुठेही राहो, महाजन असतो, आणि समितीच्या निवडणुकीत मत देतो. घरची पाळी, जत्रेची वर्गणी, चवथीचा (गणेशचतुर्थीचा) खर्च यांच्या वाटण्या फोनवर ठरतात. माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला, लागणारी रानातली फळे, कांगलां, घागऱ्यो हे परदेशात मिळत नाही. तिथे भोपळा, काकडी आणि सफरचंदांवर भागते. ज्या घराण्यांत इन्क्विझिशनच्या काळापासून कागदावरच्या चित्राच्या गणपतीची पूजा चालत आली, त्यांची सोय तेवढी बरी: मूर्ती विमानातून नेण्याचा प्रश्नच नाही.

कागदांची कामे चवथीलाच उरकावीत असे सगळे ठरवतात, कारण सगळे भाऊ एका छपराखाली येतात ते तेवढेच दिवस. त्या दिवशी आणि दुसऱ्याही दिवशी सरकारी कार्यालये बंद असतात. त्यामुळे सह्यांची तारीख चवथीच्या आधीच्या आठवड्यात घ्यावी, आणि तिकीट त्याच्याही दोन दिवस आधीचे काढावे.