पाऊस गेला की पोल गंजतो

१९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, आमच्या बिल्डिंगीत झेंडा वर चढता चढता मधेच अडकला. खाली सगळे सावधान, आणि तिरंगा अर्ध्यावर, दुखवट्याला असतो तसा. शिडी आणून बघितलं तर कप्पीचा पिन गंजून भुगा झालेला. एकजण म्हणाले पावसानं गंजला, दुसऱ्यांनी राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, नारळ ठेवायला सांगितलं. नारळ जरूर ठेवा, पण कप्पी मिठाच्या ताब्यात होती हो!

पावसाळ्यात लोखंड गंजतंच, पण तोच पाऊस पोलवरचं मीठ धुऊनही नेतो. आपल्याकडे थंडीत काय होतं, दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो, फुटलेल्या लाटांचे बारीक तुषार पोलवर येऊन सुकतात आणि धुणारं कोणीच नाही, महिनोन्‌महिने नुसता थर चढतोय. रात्री आभाळ निरभ्र, पोलची उष्णता वर निघून जाते, तो हवेपेक्षा गार होतो आणि दव धरतो. सकाळी सातला त्या दवात बोट बुडवून चाटून बघितलं मी. खारट.

दव नाही पडलं तरी सुटका नाही. पावसात मिठाची बरणी कशी पाझरते? आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की साधं मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं, म्हणजे आपल्याला कोरडी वाटणारी हवाही त्याला पुरते.

आता माझा आवडता भाग, तो थेंब. कडेला ऑक्सिजन भरपूर, मधोमध कमी. म्हणून मध्यभागी लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळतं, ते इलेक्ट्रॉन धातूतून कडेला जातात, तिथं ऑक्सिजन आणि पाणी ते घेऊन हायड्रॉक्साइड बनवतात, मिठाचे आयन थेंबातून सर्किट पुरं करतात आणि विरघळलेलं लोखंड नि हायड्रॉक्साइड यांची गाठ पडते तिथं तांबूस कडं उमटतं. एका थेंबात अख्खी बॅटरी! जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपावर आधी जस्त झिजतं म्हणून तो टिकतो, पण वेल्डिंगच्या जागी जस्त जळून गेलेलं असतं, लाल ओघळ बघा तिथूनच सुटतात. आणि 'स्टेनलेस, लाइफटाइम गॅरंटी' वगैरे विसरा, क्लोराइड त्यालाही बारीक खड्डे पाडतं.

२०२२ पासून रात्रीही तिरंगा ठेवता येतो, मग कापडही रात्रभर दव पितं. उतरवला की सावलीत वाळवूनच घडी घाला, नाहीतर बुरशी. वाऱ्यात मोकळी कड सगळ्यात जास्त फटके खाते, आधी तिचीच शिवण बघा.

आता दर पंधरवड्याला आम्ही पोलवर बालदीभर गोडं पाणी ओततो, फडक्यानं पुसतो. नवी कप्पी नायलॉनची बसवलीय. नारळही ठेवला म्हणे कोणीतरी.