डार्क मॅटर शोधायला खाणीत कशाला उतरतेत?

औंढा नागनाथला लायगो होणार हे ठरल्यापासून हिंगोली-परभणीकडं एक गोष्ट कायम कानावर येते, की तिथं जमिनीखाली डार्क मॅटर, म्हणजे डोळ्याला न दिसणारं पण गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं वस्तुमान, शोधणारेत म्हणे. तसं काही नाही. लायगो गुरुत्वीय लहरी पकडणार, अन् तेही जमिनीवरच. जमिनीखालचा शोध वेगळा आहे, त्याची हिस्टरी थोडक्यात सांगतो.

दिसतंय त्याहून जास्त वस्तुमान आहे हे झ्विकी नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं 1933 लाच कोमा दीर्घिकासमूह बघून सांगितलेलं, फारसं कुणी मनावर घेतलं नाही. 1970 नंतर व्हेरा रुबिन अन् केंट फोर्ड यांनी दीर्घिकांच्या फिरण्याचा वेग मोजला तेव्हा मात्र विषय टाळता येईना. मग 1985 ला गुडमन अन् विटन या भौतिकशास्त्रज्ञांनी मांडलं की डार्क मॅटरचे कण आपल्यातूनही आरपार जात असतील तर कधीतरी एखाद्या अणुकेंद्राला धडकतील, तो धक्का मोजा. अडचण एकच, वरून कॉस्मिक किरणांचा मारा चालू असतो, त्या गोंगाटात एवढासा धक्का कळणार कसा? म्हणून डोक्यावर खडक पाहिजे. 1987 ला पहिला निकाल आला तो अमेरिकेतल्या होमस्टेक सोन्याच्या खाणीतून, जर्मेनियमच्या डिटेक्टरवर. आपल्याकडं बोअर हजार फुटांवर गेली की मालक कपाळाला हात लावतो, अन् आज तिथला एलझेड डिटेक्टर 4850 फुटांवर आहे, 7 टन द्रवरूप झेनॉन घेऊन.

"सापडलं" म्हणणारा प्रमुख गट एकच, इटलीत ग्रान सासोच्या डोंगराखालचा डामा प्रयोग. सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांत सिग्नल दरवर्षी जूनच्या आसपास वाढतो, कारण तेव्हा पृथ्वीचा वेग सूर्याच्या वेगात मिळतो अन् कणांचा मारा वाढतो, असं ते 1990 च्या दशकाच्या शेवटापासून सांगायलेत. पण तसेच स्फटिक लावून स्पेनच्या अनाइस अन् कोरियाच्या कोसाइन या प्रयोगांना तो चढउतार दिसला नाही. माझ्या मते डामाचा दावा आता टिकत नाही, वीसेक वर्षं सगळ्यांना कामाला लावलं ते मात्र खरं!

जमिनीखालच्या अशा कामात आपणही होतो बरं का. कोलारच्या सोन्याच्या खाणीत 1965 ला वातावरणातले न्यूट्रिनो (कशातूनही सहज आरपार जाणारे बारीक कण) सापडले होते, पुढं ती खाणच बंद झाली. आता झारखंडात जादुगुडाच्या युरेनियम खाणीत 550 मीटर खाली छोटी प्रयोगशाळा आहे.

अन् आता नवीनच घोळ झालाय. डिटेक्टर इतके बारीक झालेत की 2024 ला झेनॉन-एनटी अन् चीनच्या पांडाएक्स या डिटेक्टरांना सूर्याकडून येणाऱ्या न्यूट्रिनोंचे संकेत मिळाले, अन् त्यांचा धक्का डार्क मॅटरच्या धक्क्यासारखाच दिसतो. या न्यूट्रिनोंना खडक अडवत नाही, कितीही खोल जा. शास्त्रज्ञ रे डेव्हिसनं होमस्टेकच्या ज्या गुहेत हेच सौर न्यूट्रिनो वर्षानुवर्षं मोजले अन् 2002 चं नोबेल मिळवलं, त्याच गुहेत आज एलझेड बसवलाय.