गोल्फ : जागतिक क्रमवारी आणि पात्रता

व्यावसायिक गोल्फपटूंच्या कामगिरीला गुण देऊन त्यांचा क्रम लावण्याची आणि त्या क्रमावरून मोठ्या स्पर्धांत प्रवेश ठरवण्याची पद्धत. मेजर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चार स्पर्धा (मास्टर्स, पीजीए चॅम्पियनशिप, यूएस ओपन आणि द ओपन) व ऑलिंपिक यांतील बऱ्याच जागा आज याच आधारावर भरल्या जातात. व्यावसायिक गोल्फचा कारभार एका संस्थेच्या हाती नाही. अमेरिकेची पीजीए टूर, युरोपची डीपी वर्ल्ड टूर, एशियन टूर, जपान टूर अशी स्वतंत्र मंडळे आपापले वेळापत्रक चालवतात आणि बहुसंख्य खेळाडू वर्षभर एकमेकांसमोर येतच नाहीत. त्यांची तुलना कशी करायची, हा या पद्धतीपुढचा मूळ प्रश्न होय.

पात्रता फेरी क्रमवारीपेक्षा बरीच जुनी आहे. द ओपन १८६० साली प्रेस्टविक येथे सुरू झाली. तिच्या पात्रता फेऱ्यांचा आरंभ सामान्यतः १९०७ च्या होयलेक येथील स्पर्धेपासून धरतात. पुढे कित्येक दशके नामांकितांनाही ही फेरी चुकत नसे. १९२६ साली बॉबी जोन्सने सनिंगडेल येथे खेळलेली ६६ फटक्यांची फेरी पात्रता फेरीच होती. तीत ३३ पट (हिरवळीवरून चेंडू होलकडे ढकलण्याचे फटके) आणि ३३ इतर फटके होते, आणि तिची आठवण त्या वर्षी त्याने जिंकलेल्या मुख्य स्पर्धेइतकीच काढली जाते. बेन होगन १९५३ मध्ये कार्नूस्टीला आला तेव्हा मास्टर्स आणि यूएस ओपन ही त्या वर्षाची दोन्ही विजेतेपदे त्याच्याकडे होती, तरी त्याला पात्रता फेरी खेळावी लागली. नामांकितांना सूट देण्याची प्रथा १९६० च्या दशकात रुळली. सूट आली तसा ती कोणत्या निकषावर द्यायची हा वादही आला.

क्रमवारीचा आरंभ केव्हापासून मानावा, याबद्दल एकमत नाही. गोल्फपटू अर्नोल्ड पामरचा व्यवस्थापक आणि खेळाडूंचे व्यवहार पाहणाऱ्या आयएमजी या संस्थेचा संस्थापक मार्क मॅकॉर्मॅक १९६८ पासून आपल्या गोल्फ वार्षिकात खेळाडूंची जागतिक यादी छापत असे. काही लेखक याच यादीला आजच्या क्रमवारीचे पहिले रूप मानतात. दुसरा पक्ष एप्रिल १९८६ हा आरंभ धरतो. त्या महिन्यात, मास्टर्सच्या तोंडावर, सोनी कंपनीच्या नावाने पहिली साप्ताहिक क्रमवारी प्रसिद्ध झाली. तिच्यामागची प्रेरणा सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए या संस्थेची होती. द ओपनमधील सूट तोवर एकेका टूरच्या वार्षिक यादीवरून दिली जाई. त्यामुळे दोन-तीन टूरवर विभागून खेळणारा चांगला खेळाडू कोणत्याच यादीत वर येत नसे आणि बाहेर राहत असे. ही अडचण दूर करण्यासाठी नवी मोजणी हवी होती. मॅकॉर्मॅकच्या यादीवरून कोणाला कुठे प्रवेश मिळाला नव्हता, म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. गणिताचा आराखडा मात्र बराचसा त्याच यादीवरून घेतला, हेही खरे. पहिल्या क्रमवारीत बर्नहार्ड लँगर, सेव्हे बायेस्टेरोस आणि सँडी लाइल हे पहिले तिघे युरोपीय होते. १९९७ मध्ये प्रमुख टूर आणि चारही मेजरच्या आयोजकांनी मान्यता दिल्यावर तिला ‘अधिकृत जागतिक गोल्फ क्रमवारी’ हे आजचे नाव मिळाले.

गणित असे : खेळाडूच्या मागील दोन वर्षांच्या, म्हणजे १०४ आठवड्यांच्या, स्पर्धा विचारात घेतात. स्पर्धेत मिळालेले गुण पहिले १३ आठवडे पूर्ण धरतात. नंतर ते दर आठवड्याला सारख्या हप्त्याने घटत जातात. म्हणजे साधारण १४ महिन्यांनी गुण निम्मे उरतात आणि दोन वर्षांनी बाद होतात. (आरंभी हा काळ तीन वर्षांचा होता आणि गुणांचे वजन वर्षावर्षाने ४, २, १ असे टप्प्याने उतरे.) उरलेल्या गुणांच्या बेरजेला स्पर्धांच्या संख्येने भागतात. हा भाजक कमीत कमी ४० असतो आणि जास्तीत जास्त अलीकडच्या ५२ स्पर्धा मोजतात. समजा, दोन खेळाडूंची बेरीज १२० आहे. पहिला ४० स्पर्धा खेळला असेल तर त्याची सरासरी ३.००, दुसरा ५० खेळला असेल तर २.४०. आता तिसरा तेवढेच गुण २५ स्पर्धांत मिळवतो. त्याची सरासरी खरे तर ४.८० यावी, पण भाजक ४० वरच अडत असल्याने तोही ३.०० वरच राहतो. दुखापतीने बाहेर बसलेल्याला किंवा निवडक खेळणाऱ्याला हा नियम जड जातो, तर सततच्या सुमार कामगिरीने भाजक वाढून सरासरी उतरते. जुने गुण घटत जात असल्याने न खेळताही क्रम बदलतो. ऑक्टोबर २०१० च्या शेवटी ली वेस्टवूड टायगर वुड्सच्या जागी अव्वल झाला तेव्हा तो त्या आठवड्यात मैदानात उतरलाही नव्हता. वुड्सची त्याआधीची सलग २८१ आठवड्यांची मक्तेदारी त्याने मोडली. त्याच्या नावावर मेजर मात्र तेव्हा नव्हती आणि पुढेही झाली नाही. अव्वल स्थान म्हणजे श्रेष्ठत्वाचा दाखला, हा समज इथे अपुरा ठरतो.

एखाद्या स्पर्धेला किती गुण द्यायचे, हा अभ्यासकांच्या वादाचा मुख्य मुद्दा. जुन्या पद्धतीत सहभागींचे क्रम पाहून स्पर्धेचे वजन ठरे, शिवाय प्रत्येक टूरला किमान गुणांची हमी असे. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी रिचर्ड रेंडलमन यांच्यासह फटक्यांच्या आकडेवारीवरून असा निष्कर्ष काढला की या हमीमुळे पीजीए टूरच्या खेळाडूंवर अन्याय होतो, आणि तो सरासरी २६ ते ३७ स्थानांचा आहे. या मताला विरोध झाला : लहान टूरला हमी नसेल तर तिथला खेळाडू वर येणार कसा, असा प्रश्न आशिया आणि युरोपकडून विचारला गेला. ऑगस्ट २०२२ च्या फेररचनेत हमी काढली आणि सहभागी खेळाडूंच्या सापेक्ष फटक्यांवरून (इतरांच्या तुलनेत त्यांना किती कमी-जास्त फटके लागतात यावरून) स्पर्धेचे वजन काढण्यास सुरुवात झाली. ब्रॉडींचा पक्ष बऱ्याच अंशी मान्य झाला असे म्हणता येईल. मेजरच्या विजेत्याचे १०० आणि पीजीए टूरच्या प्लेअर्स चॅम्पियनशिपच्या विजेत्याचे ८० गुण मात्र ठरलेलेच राहिले. सौदी पैशावर उभ्या राहिलेल्या लिव्ह गोल्फ या नव्या लीगने आपल्या स्पर्धांना क्रमवारीचे गुण मिळावेत म्हणून २०२२ मध्ये मान्यतेसाठी अर्ज केला. तो ऑक्टोबर २०२३ मध्ये नाकारला गेला. बंदिस्त सहभाग आणि खेळाडूंची मर्यादित ये-जा ही कारणे पुढे आली. मार्च २०२४ मध्ये लिव्हने अर्ज मागे घेतला. या काळात तिथल्या अनेक खेळाडूंचे क्रम घसरत गेले, ते खेळ बिघडल्यामुळेच होते असे नाही.

प्रवेशाचे निकष स्पर्धेगणिक वेगळे आहेत. मास्टर्स केवळ आमंत्रणावर चालते. वर्षअखेरीस आणि स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात पहिल्या ५० मध्ये असणाऱ्यांना आमंत्रण जाते. यूएस ओपनचे दार सर्वांत रुंद : व्यावसायिक आणि ठरावीक हँडिकॅपच्या (खेळाडूचे कौशल्य दाखवणाऱ्या आकड्याच्या) आतले हौशी दोघेही अर्ज करतात, अर्जांची संख्या दहा हजारांवर जाते, आणि १८ होलच्या स्थानिक फेरीनंतर एकाच दिवसात ३६ होलची अंतिम पात्रता फेरी होते. याच वाटेने आलेल्या न्यूझीलंडच्या मायकेल कॅम्पबेलने २००५ मध्ये पाइनहर्स्टला वुड्सला दोन फटक्यांनी मागे टाकून विजेतेपद मिळवले.

महिलांची क्रमवारी फेब्रुवारी २००६ पासून निघते. तिची पहिली अव्वल खेळाडू ॲनिका सोरेनस्टॅम. या क्रमवारीत किमान भाजक ३५ आहे.

भारतीयांपैकी जीव मिल्खा सिंग २००७ मध्ये मास्टर्स खेळणारा पहिला ठरला. अर्जुन अटवालने २०१० ची विंडहॅम चॅम्पियनशिप जिंकली, तीही स्पर्धेच्याच आठवड्यात सोमवारी होणाऱ्या पात्रता फेरीतून येऊन. पीजीए टूरवरील हे भारतीयाचे पहिले विजेतेपद. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा आला. शुभंकर शर्माला २०१८ मध्ये मास्टर्सचे खास आमंत्रण मिळाले. २०२३ च्या द ओपनमध्ये तो संयुक्त आठवा होता. ऑलिंपिकमध्ये पुरुष आणि महिला गटांत प्रत्येकी ६० जागा असतात. पहिल्या १५ क्रमांकांतून एका देशाचे चार, त्यापुढे दोनच खेळाडू घेतले जातात, त्यामुळे यादी बरीच खालपर्यंत उतरते आणि कोणी माघार घेतली की राखीव खेळाडूचा नंबर लागतो. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोच्या माघारीमुळे पुण्याचा उदयन माने टोकियोला गेला. दीक्षा डागरलाही ऐनवेळी अशीच जागा मिळाली. त्याच स्पर्धेत क्रमवारीत २०० व्या स्थानी असलेली अदिती अशोक चौथी आली, कांस्यपदकापासून एक फटका दूर.